मरा मरा, राम राम: उलट्या फितीच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात नववीतल्या एका पोराची आई भेटायला आली. कापूस वेचून थेट आली होती, ओटीचा दुपट्टा कमरेला तसाच. म्हणाली, "मॅडम, पोट्टं रातभर कानात वायरी घालून पडून रायते. इंग्रजी गाने ऐकते. थ्या गान्याइत सैतानाचं नाव उलटं भरून हाय म्हनते. मले त भेव वाटून राह्यलं."

गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरणारा व्हिडिओ तिने दाखवला. एक इंग्रजी गाणं उलटं वाजतं, खाली लाल अक्षरांत वाक्य येतं, मागे घाबरवणारं संगीत. ती गाणी पोराच्या बापाच्या मोबाइलमधल्या मेमरी कार्डात आहेत. बाप दोन वर्षांमागे गेला. कसा गेला ते गावाला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

तिला "काही नाही होत, ताई" म्हणून परत पाठवणं मला जमलं नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनीला यंदा ठिबक सिंचनाचं मॉडेल द्यायचं ठरलं होतं. ते बाजूला ठेवलं. विषय: उलटं वाजवलेलं गाणं आणि आपला कान. गटात पाच जण, त्यांत तो पोरगाही. तो हो किंवा नाही काहीच बोलला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन आला.

१६ नोव्हेंबर

शाळेच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी टाकलं. फुकट मिळतं, आवाज चित्रासारखा दिसतो आणि एका क्लिकवर उलटा होतो. इंग्रजी गाण्याला हातही लावायचा नाही, आधी आपली भाषा, असं ठरवलं.

पहिला शब्द पोरांनीच सुचवला, "राम राम". उलटा केला तर स्पष्ट "मार मार". वर्ग हादरलाच. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, म्हंजे आपन रोज एकामेकाले मार मार म्हनतो का?" याच प्रश्नासाठी मी हा प्रकल्प घेतला आहे. गावच्या पारावर दिवसातून पन्नासदा कानावर पडणारा नमस्कार. त्याच्या उलट्या बाजूला काय आहे याने कधी कुणाचं डोकं फुटलेलं नाही.

मग "चिमा काय कामाची". पाचवीच्या पोरालाही माहीत असलेलं वाक्य, उलटसुलट सारखं. यंत्राने उलटं केलं तर ओळखूही येईना, "ईचआम" असं काहीतरी. पोरं म्हणाली, लॅपटॉप बिघडला. मी फळ्यावर फोड करून दाखवली. कागदावर आपण अक्षर उलटवतो आणि "का" हे एक अक्षर. कानाला मात्र "क्" आधी आणि "आ" नंतर, म्हणून उलटल्यावर "आक्". कागदावरचा उलटा आणि आवाजाचा उलटा या दोन वेगळ्या गोष्टी.

मग आवाजानेही सारखे राहणारे शब्द शोधायची शर्यत लागली. नयन, नमन, सरस, कडक. तास संपून गेला तरी कुणी उठेना. "नमन" उलटं केलं तरी जवळपास "नमन"च. "कडक" मात्र घशात अडकल्यासारखं. न, म, य हे आवाज एकसंध वाहतात, त्यांना पुढून पाहा की मागून. "क"मध्ये आधी हवा अडते, मग सुटते. उलट्या फितीत ती सुटते आधी आणि अडते नंतर, आणि असा "क" माणसाच्या तोंडातून कधी निघत नाही. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, पोरांनी काढलं.

१७ नोव्हेंबर

पोराच्या घरी गेले. आजोबा, सगळे त्यांना आबाजी म्हणतात, भजनी मंडळातले. खंजिरी खुंटीला टांगलेली. त्यांना "राम राम"चं सांगितलं, तर म्हणाले, "थे त वाल्याले विचार." वाल्या कोळ्याच्या तोंडून राम येईना, तेव्हा नारदाने त्याला "मरा मरा" म्हणायला लावलं ती गोष्ट.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते, पण तिच्यातली मेख आज लक्षात आली. "मरामरामरा" म्हणताना काहीच उलटं होत नाही. आवाज तोच, क्रम तोच. ऐकणारा फक्त दुसऱ्या जागी तोडतो आणि राम होतो. तोडायची जागा कान ठरवतो. यंत्राने "मरा" खरोखर उलटं केलं तर "आरम" येतं. आबाजींना ते "आराम" ऐकू आलं.

२० नोव्हेंबर

शाळेत मतदान केंद्र. काम बंद. घरी बसून इतिहासाचा तक्ता लिहिला.

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. सिलिंडर उलटा फिरवला तरी सूर गोडच लागतात, फक्त ते गाणं वेगळंच होतं, हे त्याच्याच लक्षात आलं होतं. म्हणजे आवाज साठवता आला त्याच सुमारास तो उलटा ऐकायची हौसही आली. बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'रेन' (१९६६) गाण्याच्या शेवटी त्यांचा गायक जॉन लेननचा आवाज मुद्दाम उलटा घातलेला आहे. ती लपवाछपवी नव्हती, नवं यंत्र हाती आल्यावर केलेला खेळ होता. मग १२ ऑक्टोबर १९६९ ला डेट्रॉईटच्या एका रेडिओ केंद्रावर कुणीतरी फोन करून सांगितलं, बीटल्समधला पॉल मॅकार्टनी मेला आहे, गाणं उलटं लावून बघा. त्यांच्या 'रेव्होल्यूशन ९'मधला "नंबर नाईन" हा घोष उलटा लावला की मेलेल्या माणसाचा उल्लेख ऐकू येतो, असं लोक म्हणू लागले. 'अॅबी रोड' या अल्बमच्या मुखपृष्ठावर पॉल अनवाणी चालतो, म्हणून तोही पुरावा धरला गेला. पॉल मॅकार्टनी आजही गातो.

'स्टेअरवे टू हेवन' हे लेड झेपलिन या रॉक बँडचं गाणं, १९७१ चं. व्हिडिओतलं गाणं तेच. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातल्या एका समितीसमोर ते उलटं वाजवलं गेलं. बँडच्या रेकॉर्ड कंपनीकडून एवढंच उत्तर आलं की आमच्या तबकड्या एकाच दिशेने फिरतात, पुढे.

आपल्या गटावर परवा आलेल्या व्हिडिओतली गोष्ट मुळात बेचाळीस वर्षांची आहे.

२२ नोव्हेंबर

पोराने आज एक खोका आणला. माळ्यावर होता. बापाच्या कॅसेटी, एकोणीस. बाप अमरावतीला होस्टेलवर होता तेव्हाच्या, बहुतेक मित्रांकडून भरून घेतलेल्या.

एक पोरगी म्हणाली, लॅपटॉपात क्लिक केलं की उलटं होतं, पण त्या काळी लोक कसं करत? तबकडी हाताने उलटी फिरवायचे. कॅसेटला काय करायचं? कोऱ्या कॅसेटवर भरलेली एक घेतली, पोराला विचारून. गाण्यांची नाही, कुणाच्या तरी लग्नातल्या बँडची.

चष्म्याचे स्क्रू काढतात त्या पेचकसाने पाच स्क्रू काढले, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. झाकण उचललं की आत दोन पांढरी चक्रं, दोन घसरपट्टीचे पातळ कागद, समोर तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा नमद्याचा तुकडा, आणि फीत. रुंदी चार मिलिमीटरलाही कमी. एक बाजू चकचकीत, दुसरी तपकिरी मळकट. आवाज असतो तो मळकट बाजूला, लोखंडाच्या गंजासारख्या भुकटीत. उजव्या चक्रातून फितीचं टोक सोडवलं, अर्धा पीळ दिला, परत अडकवलं, आणि पेन्सिल घालून सगळी फीत उजवीकडे गुंडाळून घेतली. मग डाव्या टोकालाही तसंच. नटराजची पेन्सिल त्या दातांत बरोबर बसते, हे पोरांना नवल आणि मला आठवण. वळवताना फीत दोनदा सुटली. पोराने एकदाही चिडचिड केली नाही. त्याचा हात इतका हलका आहे हे मला तीन वर्षांत दिसलं नव्हतं.

शाळेच्या टेपरेकॉर्डरवर लावली. मळकट बाजू आता आवाज वाचणाऱ्या हेडपासून पलीकडे, म्हणून आवाज गोधडीखालून आल्यासारखा. पण आला, आणि उलटा आला! फितीच्या वरच्या काठावर एक बाजू आणि खालच्या काठावर दुसरी भरलेली असते, दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेने. पीळ दिल्याने वरचा काठ खाली आला आणि हेड दुसरी बाजू शेवटाकडून वाचू लागलं. ढोलाचा प्रत्येक ठोका आधी फुगत यायचा आणि ऐन भरात कापल्यासारखा थांबायचा.

मग आबाजींची खंजिरी लॅपटॉपवर घेतली. सरळ चित्रात डावीकडे उभा कडा आणि उजवीकडे उतरत गेलेली शेपूट. उलट्यात आधी शेपूट, मग कडा. प्रदर्शनीत हीच दोन चित्रं मोठी करून लावायची.

२५ नोव्हेंबर

मुख्य प्रयोग. 'स्टेअरवे'चा तोच तुकडा, व्हिडिओत वापरलेला.

आधी काही न सांगता आठवीच्या वर्गाला ऐकवला. कुणाला काही कळलं नाही. बाई आहे की माणूस, एवढं विचारलं तर बहुतेकांनी "माणूस" सांगितलं. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात जॉन वोकी आणि डॉन रीड यांनी १९८५ साली हेच मांडलं होतं. उलट्या बोलण्यातून ऐकणाऱ्याला आवाज पुरुषाचा की स्त्रीचा ते सांगता येतं, अर्थ मात्र लागत नाही, आणि तो नकळत मनात उतरल्याचाही काही पुरावा सापडत नाही. अमुक वाक्य आहे असं आधीच सांगितलं की मात्र लोकांना ते सापडायला लागतं.

नंतर आबाजींना बोलावलं. त्यांना इंग्रजी येत नाही. काही न सांगता त्यांच्या कानाला हेडफोन लावला. तीनदा ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "माय शेतात… असं कायतरी म्हनून राह्यला बुवा."

व्हिडिओत त्या जागी लाल अक्षरांत होतं, "माय स्वीट सेटन," म्हणजे माझा लाडका सैतान.

मी आणि पोरं एकमेकांकडे पाहतच राहिलो. आवाज तोच. अमेरिकेतल्या माणसाला ज्याची भीती होती ते त्याला ऐकू आलं. आबाजींच्या कानात सत्तर वर्षांचं शेत आहे, त्यांना शेत ऐकू आलं.

लगेच दोन खोल्या केल्या. एका फळ्यावर "माय स्वीट सेटन", दुसऱ्या फळ्यावर "माय शेतात". नववीचे निम्मे इथे, निम्मे तिथे. दोन्ही खोल्यांत पोरं माना डोलवू लागली, "हाव मॅडम, येते बरोबर!" मग खोल्या बदलल्या. काहींना आधीचंच ऐकू येत राहिलं, पुसायला तयारच नाही. एकदा कानात बसलेलं वाक्य निघत नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. त्या माउलीला व्हिडिओ दाखवणाऱ्याने नेमकं हेच तिच्या कानात बसवून दिलं.

२८ नोव्हेंबर

ही नोंद तक्त्यावर जाणार नाही.

डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यात दोन तरुण पोरांनी स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. एक तिथेच गेला, दुसरा काही वर्षांनी. घरच्यांनी ज्यूडास प्रीस्ट या बँडवर आणि कंपनीवर दावा लावला. 'स्टेन्ड क्लास' (१९७८) या अल्बममधल्या एका गाण्यात "कर" असा आदेश लपवला आहे, असं म्हणणं होतं. १९९० च्या उन्हाळ्यात रेनो शहरात खटला चालला. गायक रॉब हॅलफर्ड साक्षीला उभा राहिला, आपली गाणी उलटी केली की कशी निरर्थक आणि निरुपद्रवी वाक्यं ऐकू येतात ते त्याने कोर्टात ऐकवून दाखवलं. २४ ऑगस्टला न्यायाधीशाने दावा फेटाळला. तो आवाज म्हणजे गायकाचा श्वास आणि गिटार यांचा योगायोगाने झालेला मेळ, मुद्दाम घातलेला शब्द नाही, असा निर्णय दिला.

त्या घरच्यांना मी नावं ठेवू शकत नाही. आमच्या भागात घरातलं माणूस असं गेलं की पंधरा दिवस अंगणात माणसं बसतात आणि प्रत्येक जण एक कारण घेऊन येतो. बँक, सावकार, दारू, बायको, पाऊस, भाव. कारण सापडलं की थोडं टेकायला मिळतं. पण चुकीचं कारण घरात ठेवून घेतलं, तर ते मागे राहिलेल्यांना खातं. या पोराच्या आईने नवऱ्याच्या मरणाबद्दलही त्या गाण्यांवर संशय घेतला आहे. तिने मला तसं सांगितलं नाही, पण मला कळलं. पोराला बहुतेक केव्हाच कळलं आहे.

३ डिसेंबर

आबाजी आज स्वतः आले. "थे गानं सीधं लावा बरं एकडाव. उलटं लय झालं."

पूर्ण आठ मिनिटं लावलं. सुरुवातीला गिटार आणि लाकडी रेकॉर्डर. आबाजींनी विचारलं, "बासरी कोन वाजवून राह्यला?" मी सांगितलं, बासरीच्याच नात्यातलं वाद्य आहे. चार मिनिटं होऊन गेली तरी ढोल येत नाही. मग येतो, आणि तिथे आबाजींची बोटं मांडीवर चालायला लागली. शेवटाकडे लय वाढत जाते, गिटार एकट्याचं मैदान घेतं, गायकाचा आवाज वर चढतो, आणि एकदम सगळं थांबून एकटा गळा उरतो.

"हे त आपल्या भजनासारखंच हाय," ते म्हणाले. "हळूहळू चढते. आखरीले सारे उभे. मंग एकटा बुवा सोडते."

रॉक संगीत पन्नास वर्षं का टिकलं, यावर मी बरंच वाचलं होतं. बंडखोरी, तारुण्य, बाजार. त्यातलं काही खरं असेल, पण ते सगळं त्या देशाबद्दल आहे. एका शब्दाचाही अर्थ न कळणाऱ्या शहात्तर वर्षांच्या माणसाला ते गाणं आठ मिनिटं धरून ठेवतं, याचं उत्तर बंडखोरीत नाही. ते चढण्यात आहे. रात्री भजनाला बसलेल्या माणसाला खंजिरीची लय वाढू लागली की अंगात जे होतं, तेच. आबाजींच्या लेकाला ते कुठून कळलं असेल? लहानपणी याच ओसरीवर, बापाच्या खंजिरीजवळ बसून. पुढे होस्टेलवर दुसऱ्या वाद्यांत त्याला ते ओळखीचं वाटलं असेल. हा माझा अंदाज आहे. पण मांडीवर चालणारी ती बोटं मी पाहिली आहेत.

पोरगा दाराशी उभा राहून आबाजींकडे बघत होता.

६ डिसेंबर

दिवसभर लाइन नाही. तक्ते हाताने रंगवले.

९ डिसेंबर

खोक्याच्या तळाशी दोनशे पानी वही निघाली. बापाने इंग्रजी गाणी ऐकून ऐकून देवनागरीत उतरवलेली. ओळीच्या ओळी. न कळलेल्या जागी टिंबं, आणि काही ठिकाणी जवळपास वाजणारा मराठी शब्दच लिहून ठेवलेला. एका जागी "वांगं" आहे, दोनदा खोडून पुन्हा "वांगं". काही शब्द नंतर वेगळ्या शाईने दुरुस्त केलेले, म्हणजे वर्षभराने पुन्हा ऐकून.

गाणं सरळ वाजत असतानाही कान असाच चाचपडतो. जे ओळखीचं तेच पुढे करतो. फरक एवढाच की या माणसाने पुन्हा ऐकलं आणि खोडलं. वहीचं एक पान प्रदर्शनीत ठेवू का, असं पोराला विचारलं. त्याने विचार करून सांगितलं, "वांग्यावालं ठेवा."

१३ डिसेंबर

एक पोरगी अडून बसली, मग खरंच लपवलेले संदेश नसतातच का? असतात, आणि ते सांगणं प्रामाणिकपणाचं आहे. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राने १९७५ मध्ये 'फायर ऑन हाय'मध्ये उलटं बोलणं घातलं. संगीत उलटं फिरवता येतं, काळ नाही, असा त्याचा अर्थ. पिंक फ्लॉइडने 'द वॉल'मध्ये (१९७९) उलटं भरलं, अभिनंदन, तुम्हाला गुप्त संदेश सापडला. असे मुद्दाम घातलेले शब्द सुलट केले की कुणाच्या मदतीशिवाय कळतात, फळ्यावर आधी लिहावं लागत नाही. हीच परीक्षा पोरांनी तक्त्यावर घेतली: दोन वेगवेगळ्या माणसांना, न सांगता, तेच ऐकू आलं पाहिजे.

आमच्याकडेही लपवलेल्या अर्थाची हौस जुनीच. ज्ञानदेवांची काट्याच्या अणीवरची तीन गावं आबाजींनी पोरांना समजावून सांगितली, तासभर. तिथे अर्थ लपवला आहे तो माणसाने बसून उलगडावा म्हणून.

क्वीनच्या १९८० च्या एका गाण्यावरही गांजाचा आरोप झाला होता, उलटं वाजवून. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे सांगितल्यावर मात्र सगळा गट गांजा विसरला. "मॅडम, आपल्या पाचगनीले?"

१८ डिसेंबर

तालुक्याची प्रदर्शनी. आमच्या टेबलावर लॅपटॉप, दोन हेडफोन, उघडी कॅसेट काचेखाली, खंजिरीची दोन चित्रं, वांग्यावालं पान. डाव्या हेडफोनपुढे एक पाटी, उजव्यापुढे दुसरी, तुकडा एकच. दोन माणसं एकदम ऐकायची आणि वाद घालायची, मग पोरगा पाट्या बदलायचा. दिवसभर तोच बोलला. घसा बसला त्याचा. परीक्षकांनी विचारलं, यातून समाजाला काय फायदा? तो म्हणाला, "सर, कोनी तुमाले काय ऐकाचं थे आंधी सांगत असन, त आंधी पाटी झाका."

क्रमांक आला नाही. सौरऊर्जेच्या फवारणी यंत्राला गेला, ते चांगलंच होतं.

दुपारी त्याची आई आली, मजुरी पाडून. दोन्ही पाट्या वाचल्या. पोराने तिला पाट्या उलट्या ठेवून ऐकवलं. ती म्हणाली, "मले काईच नाई समजून राह्यलं." तो म्हणाला, "हाव, तेच त." ती हसली नाही. वहीच्या पानाजवळ जाऊन उभी राहिली. बराच वेळ.

२१ डिसेंबर

कॅसेटचा पीळ काढून ती सरळ केली, पाचही स्क्रू बसवले. वाजते. खोका आणि वही घरी पोचवली. ओसरीवर तूर वाळत होती. आईने विचारलं, "मॅडम, घरचा टेप दुरुस्त होते का? याचे बाबा रातच्याले लावत, थे गानं मी कधी पुरं ऐकलंच नाई. सयपाकात राहो."

टेप उघडून पाहिला. मोटर फिरते. हेड स्पिरिटने पुसला. रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला आहे, तो कापसाने काढला. नवा आर्वीत मिळाला नाही. माप घेतलं आहे, सोमवारी वर्ध्याला बघायचा.